मेनूकार्डावर बोट कुठं ठेवायचं?

मला एक पत्र आलंय, ते असं आहे :

"अक्का, नमस्कार. मी बेळगावातल्या वडगावचा. दोन यंत्रमाग आहेत, साडी विणतो. वय ५६. शिक्षण सातवी, मराठी शाळेत. कानडी बोलतो, अडखळत वाचतो. इंग्रजीच्या नावानं शून्य. थोरली पोरगी बी.कॉम. होऊन उद्यमबागेत एका कंपनीत अकाउंटला लागलीया. पहिला पगार झाला. म्हणतीया, टिळकवाडीत नवीन इटालियन दुकान निघालंय, स्वस्त आहे, रविवारी पाच जण जाऊया, हजार-बाराशेत भागतंय. मी 'बघू' म्हणून वेळ मारून नेलीया. कारण सांगतो. आठ-नऊ वर्षांमागं पाहुण्यांनी एका मोठ्या हॉटेलात नेलं होतं. वेटरनं कार्ड माझ्याच हातात दिलं. मी एका ओळीवर बोट ठेवून 'हे द्या' म्हणालो. तो म्हणाला, 'हे हेडिंग आहे, पदार्थ नव्हे,' आणि हसला. पोरगी शेजारी होती, तिनं मान खाली घातली. ते अजून डोळ्यांपुढून जात नाही. शिवाय आमची आई माळकरी, वय ७८, तोंडात दात नाहीत. बायको म्हणते, 'त्यापेक्षा घरात पुरणपोळ्या करतो की, पैसे कशाला घालवायचे?' पोरीला नाही कसं म्हणू ते सांगा. – एक मागवाला, वडगाव"

दादा,

नाही कसं म्हणायचं ते मी सांगणार नाही. तुम्ही 'बघू' म्हणालात तेव्हाच निम्मं नाही म्हणून झालंय. आपल्याकडच्या पोरींना बापाच्या 'बघू'चा अर्थ शाळेत जायच्या आधीपासून ठाऊक असतो. तेव्हा रविवार उजाडायच्या आत तिला एवढंच सांगा, "जाऊया की."

तुमच्या पत्रात दोन गाठी एकमेकींत अडकल्यात. एक खाण्याची, दुसरी त्या खाली गेलेल्या मानेची. खाण्याची सोपी आहे, ती आधी सोडवूया.

पहिली गोष्ट, हे दुकान स्वस्त आहे हीच तुमची सोय. मोठ्या हॉटेलात वेटर डोक्यावर उभा राहतो, कार्ड हातात देतो आणि तुम्ही काय बोलताय ते ऐकत थांबतो. स्वस्त फास्ट फूडच्या दुकानात पगारी हसणारा कुणी नसतोच. काउंटरपाशी जायचं, वर भिंतीवर फोटोसकट यादी असते, सांगायचं, पैसे आधी भरायचे, टोकन घेऊन बसायचं. नंबर पुकारला की ट्रे आपणच उचलून आणायचा, आणि बऱ्याच ठिकाणी खाऊन झाल्यावर कागद-कप आपणच डब्यात टाकायचे. म्हणजे आपल्या खडेबाजारातल्या खानावळीपेक्षाही साधा कारभार. बाहेर पाटी कानडी, आत यादी इंग्रजी, आणि काउंटरवरचं पोरगं बहुतेक अनगोळचं नाहीतर पिरनवाडीचं, मराठीत "सांगा की काका" म्हणणारं. त्याला स्वतःला हे शब्द तिथं लागल्यावरच पाठ झालेले असतात.

आता त्या शब्दांकडं या. मला तुमचं पत्र वाचून हसू आलं ते ह्याच्यासाठी, की ज्या कार्डाला तुम्ही भ्यायलाय त्याच्यावर निम्मं तुमच्या धंद्यातलं सामान आहे. खोटं नाही सांगत. पास्ता म्हणजे गव्हाच्या पिठाचे वाळवलेले आकार, आणि इटलीतल्या लोकांनी त्या आकारांना घरातल्या वस्तूंची नावं ठेवलीत. 'स्पॅगेटी' हा शब्द 'स्पागो'वरून आला, स्पागो म्हणजे सुतळी. बारीक दोऱ्याच की त्या. 'फुझिली' म्हणून पीळ घातलेला एक प्रकार असतो. तो शब्द 'फुझो'वरून, आणि फुझो म्हणजे चाती, सूत कातायची. 'पेने' म्हणजे खरं तर पिसाची लेखणी, टोकाला तिरपी कापलेली नळी. पण ताटलीत बघाल तर तुम्हाला लेखणी आठवायची नाही, मागाच्या धोट्यात घालायची सुताची कांडी आठवेल. सुतळी, चाती, कांडी. तुमच्या आख्ख्या गल्लीत ह्या कार्डाचा अर्थ तुमच्याइतका कुणाला लागायचा नाही.

पहिल्या खेपेला सुतळी मात्र मागवू नका. ती काट्याला गुंडाळून खायची असते, आणि नवख्या माणसाच्या हातात तिचं टोक शर्टापर्यंत येतं. पेने किंवा फुझिली घ्या. काट्यानं टोचून उचला, नाहीतर सरळ चमचा मागा. चमच्यानं खाल्लं म्हणून पास्ता रागावत नाही. रागावलेला सॉस मात्र असतो! 'अराबियाता' लिहिलेलं दिसलं तर तो लसूण, टोमॅटो आणि सुक्या मिरचीचा तिखट सॉस, आणि त्या शब्दाचा अर्थच 'रागावलेला'. आपल्याकडच्या दुकानात त्यालाच नुसतं 'रेड सॉस' म्हणतात. 'व्हाइट सॉस' म्हणजे लोण्यावर मैदा परतून त्यात दूध घालून आटवलेला, वर चीज. दोन्ही मिसळले की 'पिंक'. झाली यादी. बाकी जे काही लिहिलेलं असतं ते बहुतेक ह्याच तिघांची रूपं.

आईंचं. माळकरी आहेत म्हटल्यावर चार गोष्टी बघाव्या लागतील, आणि त्या तुम्हीच बघायच्या, पोरीवर टाकू नका. रविवारी एकादशी नाही ना, तेवढं कॅलेंडर उघडा. दुकान निव्वळ शाकाहारी असेल तर उत्तम, नसेल तर काउंटरवर सरळ विचारा, "शाकाहारीचं भांडं-सुरी वेगळी आहे का?" हे विचारण्यात लाज नाही, तिथं दिवसातून दहा जण विचारतात. आईंना कांदा-लसूण चालत नसेल तर गार्लिक ब्रेड बाद, रेड सॉसही बहुतेक बाद, कारण लसूण आधीच शिजवून ठेवलेल्या सॉसमध्ये असतो, तो काढता येत नाही. व्हाइट सॉस मात्र बरेचदा समोरच करतात, त्यात लसूण घालू नका म्हटलं की झालं. चीजचा एक मुद्दा आहे. दूध फाडायला विरजणासारखं काहीतरी लागतं, त्याला रेनेट म्हणतात. इटलीतलं अस्सल पार्मेझान वासराच्या जठरातल्या रेनेटनं करतात. आपल्याकडच्या डेअऱ्या पिझ्झाचं चीज सहसा सूक्ष्मजीवांपासून मिळणाऱ्या रेनेटनं करतात, आणि पाकिटावर हिरवा ठिपका असतो. तो ठिपका आहे का तेवढं विचारून घ्या. वासराची गोष्ट ताटापुढं बसून आईंना सांगायची काही गरज नाही. मी एकदा एका कीर्तनकार मामांना सांगून बसले, त्यांनी त्या दिवशी पुढं चहासुद्धा घेतला नाही.

दात नाहीत म्हणता. इटालियन लोक पास्ता थोडा कच्चट ठेवतात, दाताला लागला पाहिजे असा, आणि त्याचं त्यांना कौतुक आहे. आईंसाठी सांगा, "अजून चार मिनटं शिजवा, मऊ करा." करून देतात. आणि त्यांना हे परकं वाटेल असं तुम्हाला वाटतंय ना? त्यांच्या हातचे गव्हले आठवा. लग्नघरात बायका पाटावर बसून, पिठाची बारीक वात बोटांच्या चिमटीत धरून, गव्हाएवढे तुकडे टपाटपा पाडायच्या. मालत्या, बोटवे, नखुल्या. नखानं दाबून वळवलेली नखुली आणि इटलीतल्या बायका दारात बसून अंगठ्यानं दाबून करतात ती 'ओरेकिएते', ह्या दोन्ही एका ताटात ठेवल्या तर कुठली कुणाची ते मला ओळखता यायचं नाही. त्या शब्दाचा अर्थ 'छोटे कान'. चांगला पास्ता ज्या कडक गव्हाच्या रव्याचा होतो, त्याला ड्युरम म्हणतात, आणि आपला बन्सी त्याच जातीचा. तुमच्या घरी उपमा ज्या बन्सी रव्याचा होतो तोच भाऊबंद. आणि आपण ज्याची खीर करतो ती खपली? तीही इटलीत पिकते, तिथं तिला 'फारो' म्हणतात. आईंना म्हणावं, गव्हल्यांची खीर गोड असते, ही तिखट-मिठाची आहे. पुढचं त्या बघून घेतील.

पिझ्झा. हा गरिबांचाच पदार्थ आहे, दादा. इटलीतल्या नेपल्स शहरात कामकरी माणसं रस्त्यावर विकत घेऊन, रुमालासारखी चौघडी घालून, उभ्या उभ्या खायची. अजूनही तशी घडी घालून विकतात. १८८९ साली राणी मार्गरीतासाठी टोमॅटो, पांढरं चीज आणि हिरवी तुळस घालून पिझ्झा केला आणि त्याला तिचं नाव पडलं, अशी एक गोष्ट सांगतात. इतिहासवाले त्या गोष्टीला फारसे मानत नाहीत, पण कार्डावरचा 'मार्गरीटा' तो हाच : साधा, चीज आणि टोमॅटोचा, सगळ्यांत स्वस्त. आणि हा टोमॅटो त्यांचा तरी कुठला? तो अमेरिकेतून आला, जशी आपली मिरची आली. आता संकेश्वरी आणि ब्याडगीवर आपण जीव टाकतो, पण ते बी कधीतरी जहाजातून उतरलेलंच आहे. पाव हा शब्दसुद्धा पोर्तुगीजांचा, गोवा आपल्याला लागूनच. परक्या गोष्टी ताटात घ्यायची आपल्याला सवय आहे, फक्त तेव्हा कुणी कार्ड हातात दिलं नव्हतं.

तेव्हा पिझ्झा हातानंच खा. त्रिकोणाचं टोक खाली लोंबतं, म्हणून कड जराशी चिमटून मधे खोलगट करा आणि टोकाकडून सुरू करा. गरम असताना चीजची तार निघते, ती ओढत बसू नका, बोटानं तोडा.

किती मागवायचं ह्याचा हिशेब मात्र तुम्ही करा, त्यात तुमचा हात कुणी धरायचा नाही. कापडाचा पन्हा वाढला की किती फरक पडतो ते तुम्हाला मी काय सांगू. पण गोल कापडाचा हिशेब वेगळा असतो. ७ इंची पिझ्झाचं क्षेत्र साडेअडतीस चौरस इंच भरतं. १० इंचीचं साडेअठ्ठ्याहत्तर. म्हणजे ७ इंची दोन घेतले तरी १० इंची एकाची बरोबरी जेमतेम होते, आणि दोन छोटे बहुतेक वेळा एका मधल्यापेक्षा महाग पडतात. माणशी एक छोटा असं करू नका. पाच जणांत १० इंची दोन, एक मार्गरीटा आणि एक भाज्यांचा, आईंसाठी मऊ व्हाइट सॉस पास्ता, मधे ठेवायला एक रेड सॉस. पुरतं. उरतंसुद्धा. 'चीज बर्स्ट' म्हणून जो प्रकार असतो तो पहिल्या दिवशी नको. कडेपर्यंत चीज भरलेलं असतं, दोन तुकड्यांत पोट गच्च होतं आणि घरी येऊन सोडा प्यावा लागतो. मोठ्या बाटलीतलं थंडही मागवू नका, साधं पाणी मागा.

टेबलावर दोन पुड्या येतील. एक लाल, ती मिरचीच्या बियांसकट भरड. तुम्हाला ती सपक लागेल. दुसरी हिरवट, सुक्या पानांची, ती ओरेगॅनो. हिच्यावरून माझं झालेलं सांगते. पुण्यात भाचीच्या घरच्यांबरोबर पहिल्यांदा अशा दुकानात गेले होते. त्याआधी मी पिझ्झा खाल्ला होता तो आपल्या कॅम्पातल्या एका बेकरीतला, जाड पावावर सॉस आणि ढबू मिरची घातलेला. इथं मात्र सगळं ऐटीत खाल्लं. काट्यानंही खाल्लं. आणि शेवटी ती हिरवी पुडी फाडून, बडीशेप समजून, आख्खी तोंडात टाकली. तोंडात ओव्याच्या पानाचा काढा झाला. डोळ्यांत पाणी. ओरेगॅनोत आणि ओव्याच्या पानात वासाचं द्रव्य एकच असतं हे मला नंतर कळलं, तेव्हा मला फक्त लहानपणीचा खोकला आठवला. भाचीची सून समोर बसली होती. ती हसली नाही की काही बोलली नाही, पाण्याचा ग्लास माझ्याकडं सरकवला आणि आपल्या नवऱ्याशी बोलत राहिली. ती पोर मला तेव्हापासून आवडते. पुडी पिझ्झावर भुरभुरायची असते, जपून.

बिलाचं. पाच टक्के जीएसटी लागेल, तो अडीच-अडीच असा दोन ओळींत दिसतो, घाबरू नका. दुकान छोटं असून 'कंपोझिशन' योजनेत असेल तर मात्र त्याला तुमच्याकडून जीएसटी वेगळा घ्यायचा अधिकार नाही, बिलावर तसं लिहिलेलं असतं. सर्व्हिस चार्ज लावला असेल तर तो द्यायचा की नाही हे तुमच्या मर्जीवर आहे. सरकारच्या ग्राहक प्राधिकरणानं २०२२ सालीच तसं बजावलंय आणि २०२५ साली दिल्ली हायकोर्टानं ते उचलून धरलंय. पण हे सगळं वाचेल तुमची अकाउंटवाली. तुम्ही काउंटरपाशी गेल्यावर पाकिटाला हात घालू नका. मला माहीत आहे, हात आपोआप जातो. हात मागं बांधून उभे राहा, आईंना खुर्ची द्या, ट्रे उचला, काहीही करा. पैसे तिचे, पहिले, आणि ते तुमच्यासाठी काढलेत.

वहिनींना एक सांगायचंय. पुरणपोळ्या करतो म्हणाल्या, बरोबरच आहे, पहिल्या पगाराला गोड पाहिजेच. पण ते पुरण कोण वाटणार? पोरीचा पहिला पगार, आणि दिवसभर चुलीपुढं उभी तिची आई, हे पोरीला बघायचं नसेल म्हणूनही तिनं बाहेरचं काढलं असेल. देवाचं राहिलं असं वाटत असेल तर जाताना कपिलेश्वराला नारळ फोडा, येताना पाव किलो कुंदा घ्या. तोंडही गोड होतं.

आता ती मान.

तेरा-चौदा वर्षांची पोर असेल ती तेव्हा. तिनं मान खाली घातली ती तुमची लाज वाटून की त्या वेटरचा राग येऊन, हे तुम्हाला ठाऊक नाही, मलाही नाही. तुमची लाज वाटलीही असेल. त्या वयात वाटते. मला माझ्या आईच्या नऊवारीची वाटायची, शाळेच्या गॅदरिंगला ती यायची तेव्हा मी मागच्या बाकावर जाऊन बसायची. पण आज तीच पोरगी आपला पहिला पगार घेऊन म्हणतीया, पप्पा, चला. हे ती मैत्रिणींना म्हणाली नाही, तुम्हाला म्हणाली. आणि नेमकं जिथं कार्ड आहे तिथंच. ती ते विसरली असेल असं मला वाटत नाही.

म्हणून रविवारी आत शिरताना धीट असल्यासारखं करू नका. ते पोरींना कळतं, आणि त्यांनाच अवघडल्यासारखं होतं. दारातच म्हणा, "मला ह्यातलं काही कळत नाही, तूच माग." मग ती मागेल. तुम्हाला विचारेल, हे चालेल का, ते चालेल का. त्या वेळी भिंतीवरच्या फोटोंत पीळ घातलेला पास्ता दिसला तर तिला हळूच सांगा, ही चाती आहे बघ. बी.कॉम.ला हे शिकवत नाहीत.

उरलेला पिझ्झा तिथं सोडून येऊ नका. खोका मागा, देतात. रात्री फ्रीजमध्ये ठेवा आणि सोमवारी सकाळी, माग सुरू करायच्या आधी, लोखंडी तव्यावर मंद आचेवर ठेवून वर झाकण घाला. बाजूला पाण्याचे दोन थेंब शिंपडा. तीन मिनटांत खालची बाजू कुरकुरीत होते, चीज परत सुटतं. चहाबरोबर चांगला लागतो. आईंना मात्र कड काढून द्या.